डिझेलचा खर्च आटोक्यात आणायचाय? आधी टाकी मोजा, मग ड्रायव्हरला बोला

महिना संपला की नागपूरजवळच्या वाडीतल्या बऱ्याच ट्रान्सपोर्ट ऑफिसांत सारखंच चित्र दिसतं. पंपाचं बिल येतं, शेठ शेवटचा आकडा बघतात आणि पुढचे दोन दिवस ड्रायव्हरांची खरडपट्टी निघते. मग कोणी टाकीत सेन्सर बसवा म्हणतं, कोणी दोन रुपयांनी स्वस्त पंप शोधून आणतं. तीन महिन्यांनी बिल परत तिथंच.

मी अशाच एका ऑफिसात ट्रिपशीट (प्रत्येक फेरीची नोंद) आणि पंपाच्या पावत्या जुळवत वीस वर्षं काढली. माझ्या बघण्यात उपाय सहसा चुकीचे नसतात, त्यांचा क्रम चुकतो. कोणती गाडी, कोणत्या रस्त्यावर, किती माल घेऊन, किती डिझेल पिते हे कागदावर यायच्या आत कपात सुरू होते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. हिशेब सोपा राहावा म्हणून उदाहरणांत डिझेलचा भाव लिटरला 90 रुपये धरलाय, भाडी आणि बाकीचे आकडेही नमुन्याचे आहेत. तुम्ही तुमचे आकडे घाला.

तयारी: पहिला आठवडा फक्त कागदांचा

हे जमवा: मागच्या तीन महिन्यांच्या ट्रिपशीट, पंपाच्या मूळ पावत्या (महिनाअखेरचं एकत्र बिल चालणार नाही), जीपीएसचा किलोमीटर रिपोर्ट, प्रत्येक गाडीच्या टाकीची खरी क्षमता आणि टायरची हवा मोजायचा एक चांगला गेज. गेज ऑफिसचा स्वतःचा हवा. पंक्चरवाल्याकडचा गेज कधीचा आहे हे त्यालाही सांगता येत नाही.

नोंद एकाच माणसाकडे द्या. बुकिंगवाला थोडं लिहितो, मुनीम थोडं लिहितो, उरलेलं ड्रायव्हर फोनवर सांगतो, असं चाललं तर पुढचं काहीही करू नका.

मग मीटर तपासा. गाडीचं मीटर चाकाचे फेरे मोजतं. टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त लागतात आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. म्हणजे गुळगुळीत टायरवर अ‍ॅव्हरेज कागदावर छान दिसतं आणि नवे टायर टाकले की ‘पडतं’. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. अमरावती रोडवर एकदा 50 किलोमीटर गाडी चालवून मीटर आणि जीपीएस यांचा फरक काढा आणि तो गाडीच्या पानावर वर लिहून ठेवा. मीटर बंद असेल तर आधी ते दुरुस्त करा.

टप्पा 1: टाकी ते टाकी अ‍ॅव्हरेज

सगळा डोलारा या मोजमापावर उभा आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. पद्धत अशी:

1. गाडी निघायच्या आधी टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा. मीटर लिहा.
2. फेरीत वाटेत जिथे डिझेल भरलं, तिथले लिटर, वेळ आणि मीटर पावतीच्या मागे लिहून घ्या.
3. गाडी परत आली की त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, तशाच सपाट जागेत उभी करून पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा.
4. वाटेतले लिटर अधिक शेवटचे लिटर म्हणजे फेरीचा खप. चाललेले किलोमीटर भागिले खप म्हणजे अ‍ॅव्हरेज.

पहिल्या कटनंतर ‘अजून थोडं घाला’ म्हणत गळ्यापर्यंत भरू नका. दर वेळी गळा वेगळा असतो आणि पाच-सात लिटरचा खोटा फरक पडतो. शिवाय मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात डिझेल फुगतं आणि काठोकाठ भरलेल्या टाकीतून झाकणाकडून गळत राहतं.

पहाटे भरलं की डिझेल जास्त मिळतं, ही समजूत आमच्या ऑफिसातही होती. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. त्यासाठी ड्रायव्हरला चार वाजता उठवू नका.

आता एक खरा फसवा हिशेब. दहा चाकी गाडी वाडीहून 16 टन माल घेऊन रायपूरला गेली. 295 किलोमीटर, 78 लिटर. म्हणजे लिटरला 3.78. परत रिकामी आली. 295 किलोमीटर, 54 लिटर. म्हणजे 5.46. आमच्याकडे एक पोरगा या दोन आकड्यांची सरासरी काढून 4.62 लिहायचा. खरं उत्तर 590 भागिले 132, म्हणजे 4.47. अ‍ॅव्हरेजची सरासरी काढायची नसते. किलोमीटरची बेरीज करा, लिटरची बेरीज करा आणि मग भागा.

पुढे जाण्याआधी तपासा: प्रत्येक गाडीच्या किमान तीन पूर्ण फेऱ्या नोंदल्या का? प्रत्येक फेरीपुढे मार्ग आणि टन लिहिलेत का? भरलेल्या आणि रिकाम्या प्रवासाचे आकडे वेगळे आहेत का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर टप्पा 2 पुढच्या महिन्यात.

टप्पा 2: पावत्यांचा मेळ

यात यंत्र-बिंत्र काही लागत नाही, एक दुपार लागते. पावती घ्या आणि तीन प्रश्न विचारा.

पावतीवरच्या वेळेला गाडी खरंच त्या पंपावर होती का? जीपीएसवर बघा. आमच्याकडे एकदा 180 लिटरची पावती निघाली, पंप शहराजवळचा, वेळ दुपारी सव्वादोन. त्याच वेळी गाडी जाम गावच्या चौरस्त्यावर उभी होती, तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. चौकशी केली तर पावती आमच्याच दुसऱ्या गाडीची होती, गाडी नंबर चुकीचा पडला होता. चोरी नव्हती, पण त्या एका चुकीने दोन्ही गाड्यांचं महिन्याचं अ‍ॅव्हरेज वाकडं झालं होतं.

पावतीतले लिटर टाकीत मावतात का? 300 लिटरच्या टाकीवर 310 लिटरची पावती मी स्वतः पाहिली आहे, आणि ती तीन सह्या होऊन माझ्यापर्यंत आली होती.

पावती छापील आहे की हाताने लिहिलेली? कच्ची पावती बंद करा. त्यावर वाद घालत बसू नका, सरळ बंद.

पंपाच्या मापाचा संशय असेल तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागा. ते मागायचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरला 25 मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून जास्त असेल तर तक्रार करा.

सावधान: या टप्प्यावर कोणावरही आरोप करू नका. फरक दिसला तर वहीत लाल खूण करा आणि पुढच्या टप्प्यावर जा. का, ते आता सांगतो.

टप्पा 3: गाडीची तब्येत, ड्रायव्हरच्या आधी

आमची एक दहा चाकी हैदराबाद लाइनवर होती. जाऊन-येऊन साधारण हजार किलोमीटर, अ‍ॅव्हरेज 4.2. एकदम 3.6 वर आलं. फेरीला 40 लिटर जास्त. सगळ्यांनी ठरवून टाकलं की उस्ताद, म्हणजे ड्रायव्हर, वाटेत ढाब्यावर डिझेल काढतो. दोन फेऱ्यांचे पैसे त्याच्या हिशेबातून कापले. तो म्हणाला, “भाऊ, गाडी जड चालते, मिस्त्रीले दाखवा.” कोणी ऐकलं नाही. तो सोडून गेला. नवा ड्रायव्हर आला, अ‍ॅव्हरेज तेच 3.6. मग कापसीच्या मिस्त्रीने मागचा एक्सल जॅकवर उचलला तर चाक हाताने फिरेना. ब्रेकचं लायनर ड्रमला घासत होतं. अर्ध्या तासाचं काम. जुन्या ड्रायव्हरला फोन करून पैसे परत दिले. पैसे त्याने घेतले, नोकरीवर आला नाही.

तेव्हापासून आमचा नियम असा: अ‍ॅव्हरेज पडलं की आधी गाडी उचला. तपासायचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे:

हवा. गाडी निघायच्या आधी, टायर थंड असताना. जोडटायरमधल्या आतल्या टायरची हवा बहुतेक जण बघतच नाहीत आणि कमी नेमकी तिथेच असते. दुपारी रस्त्यात टायर तापला की गेज जास्त दाखवतो, तेव्हा हवा काढू नका. संध्याकाळी टायर निवला की ती कमी भरते, गाडी डिझेल जास्त पिते आणि टायर कडेने झिजतो. किती हवा हवी ते टायर कंपनीच्या तक्त्यातून, एक्सलवरच्या वजनाप्रमाणे घ्या.

ब्रेक. वीसेक किलोमीटर सपाट चालवून गाडी थांबवा आणि प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न्या. लावायचा नाही, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा उघड तापलेलं असेल तर तिथे ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलंय.

एअर फिल्टर. उमरेड, चंद्रपूरकडे कोळशावर चालणाऱ्या गाड्या आणि बुटीबोरीतून किराणा नेणाऱ्या गाड्या यांना एकच वेळापत्रक लावू नका. कोळशाच्या धुळीत फिल्टर फार लवकर चोंदतो. काळा धूर आणि चढावर दमणारी गाडी, ही त्याची खूण.

अलाइनमेंट. पुढच्या टायरच्या एकाच कडेवर हात फिरवला की करवतीसारखं लागतं, म्हणजे चाक रस्त्यावर ओढलं जातंय.

इंजेक्टर आणि पंप. हे शेवटी. मिस्त्री इथूनच सुरुवात करायला बघतो, कारण बिल इथे मोठं होतं.

बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांतल्या) गाड्यांना आणखी एक गोष्ट लागते. डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं, ड्रायव्हर ज्याला युरिया म्हणतात ते द्रव, डिझेलच्या साधारण 3 ते 6 टक्के जातं. त्याची नोंद वेगळी ठेवा. एकदम कमी जायला लागलं तर खूश होऊ नका, कुठेतरी पाणी मिसळलं जातंय किंवा यंत्रणा बंद पडली आहे. रस्त्याकडेला सुट्या कॅनमध्ये मिळणारं स्वस्त डीईएफ आणि ‘डिझेलसारखंच’ म्हणून विकलं जाणारं तेल, दोन्ही वर्ज्य. पंधरा रुपये वाचवायला गेलेल्या मालकांना इंजेक्टरचा पूर्ण सेट बदलताना मी पाहिलंय.

टप्पा 4: रिकामे किलोमीटर

बहुतेकांची खरी बचत इथे पडून असते, आणि इथेच अ‍ॅव्हरेजचा आकडा फसवतो.

मघाचीच रायपूरची फेरी घ्या. जाताना माल, येताना रिकामी: 590 किलोमीटर, 132 लिटर, अ‍ॅव्हरेज 4.47. तीच गाडी येताना 16 टन लोखंड घेऊन आली तर 156 लिटर जातील आणि अ‍ॅव्हरेज 3.78 वर येईल. फक्त अ‍ॅव्हरेज बघणारा मालक दुसऱ्या फेरीला ड्रायव्हरवर ओरडेल. आता टन गुणिले किलोमीटर करून बघा. पहिल्या फेरीत 16 टन 295 किलोमीटर गेले, म्हणजे 4,720 टन-किलोमीटर, लिटरला 35.8. दुसरीत 9,440 टन-किलोमीटर, लिटरला 60.5. डिझेल 24 लिटर जास्त गेलं, काम दुप्पट झालं.

म्हणून वहीत दोन रकाने हवेत: लिटरला किलोमीटर, आणि लिटरला टन-किलोमीटर. पहिला गाडी आणि ड्रायव्हर कसे आहेत ते सांगतो. दुसरा तुमचं बुकिंग कसं आहे ते सांगतो, आणि त्याचा जाब ऑफिसात बसणाऱ्यांनी द्यायचा असतो.

परतीच्या भाड्यासाठी किती थांबायचं, याचा हिशेब आधी कागदावर करा, फोनवर नाही. रिकामी आली तर 54 लिटर, म्हणजे 4,860 रुपये खिशातून. माल मिळाला तर समजा भाडं 18,000, त्यातून डिझेल 7,020 गेलं, हातात 10,980. दोन्हींतला फरक 15,840. त्यातून दलाली, हमाली, वजनकाट्याचे पैसे वजा करा. उरलेल्या रकमेला गाडीच्या एका दिवसाच्या उभ्या खर्चाने भागा. उभा खर्च म्हणजे हप्ता, विमा, पगार, भत्ता आणि चुकणाऱ्या पुढच्या भाड्याचा नफा. उत्तर दोन आलं तर दोन दिवसांच्या आत माल मिळाला तरच थांबणं परवडतं. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी रिकामी काढा. ‘आज मिळेल, उद्या मिळेल’ करत चार दिवस उभी राहिलेली गाडी सगळ्यात महाग.

खर्च भरून काढायच्या मोहात जास्त माल टाकू नका. दंड, टायर आणि ब्रेक यांत बचत जाते आणि एखादा अपघात झाला तर विमा कंपनी आधी काटापावती मागते.

आणि उभी गाडी. कळमन्यात माल उतरवायची रांग, बुटीबोरीत गेटपाससाठी थांबणं, शहराच्या नो-एंट्रीची वेळ संपायची वाट बघणं, या सगळ्यात इंजिन चालू असतं. इंजिनाच्या आकाराप्रमाणे तासाला दीड ते तीन लिटर जातात. दोन लिटर धरा: रोज तीन तास, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 150 लिटर, 13,500 रुपये. बारा गाड्या असतील तर 1,62,000. हा आकडा शेठला दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुन्हा बघितला.

यातला थोडा भागच ड्रायव्हरच्या हातात आहे. मे महिन्यात 45 अंशांत केबिनमध्ये बसलेल्या माणसाला ‘एसी बंद ठेव’ सांगणं सोपं आहे. त्यापेक्षा गाडी पोचायची वेळ बदला. पार्टीला (माल देणाऱ्या-घेणाऱ्या गिऱ्हाइकाला) आदल्या संध्याकाळी फोन करून माल तयार आहे का ते विचारा, नो-एंट्री सुरू व्हायच्या आत गाडी आत जाईल अशी काढा, शहरात काम नसेल तर आउटर रिंगरोडने वळवा. रांग टळत नसेल तर सावलीची जागा आणि इंजिन बंद.

तपासा: जीपीएस रिपोर्टमध्ये ‘गाडी उभी, इंजिन चालू’ असा तक्ता असतो. कोणत्या तीन ठिकाणी सर्वांत जास्त तास गेले ते काढा. ती ठिकाणं दर महिन्याला बहुधा तीच निघतात. मग त्या पार्टीशी थांबण्याच्या पैशांवर बोला.

टप्पा 5: रस्ता

समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून चढलं की भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत 701 किलोमीटर. तेव्हापासून वाद एकच: मुंबईची गाडी समृद्धीने की जुन्या अमरावती रोडने? दोन्ही बाजूचे लोक फक्त टोल किंवा फक्त किलोमीटर सांगतात. एक-एक फेरी दोन्हींनी काढा आणि पाच आकडे शेजारी मांडा: डिझेल, टोल, लागलेले तास, भत्ता, टायर. जुन्या रस्त्यावर तळेगावचा घाट, गावं, गतिरोधक यांत गिअर बदलून डिझेल जातं. समृद्धीवर गाडी एकसारखी चालते, पण टोल जास्त आणि उन्हाळ्यात काँक्रीटवर टायर तापतो. वाचलेल्या तासांत गाडी महिन्याला एक फेरी जास्त करते का, यावर निकाल लागतो. फेरी वाढत नसेल तर वाचलेले तास वाडीत उभं राहण्यात जातील.

मोकळा रस्ता मिळाला की वेग वाढतो, ही समृद्धीवरची दुसरी गळती. वेग 60 वरून 80 वर गेला की हवेचा अडथळा जवळजवळ पावणेदोन पट होतो. भरलेल्या गाडीला 60 ते 65 सांगा आणि पोचायची वेळ त्या हिशेबाने द्या. पोचायची वेळ 80 च्या वेगाची देऊन वर डिझेल वाचवा म्हणणं, हे आमच्या धंद्यातलं नेहमीचं ढोंग आहे. ताडपत्री घट्ट बांधा. फडफडणारं टोक डिझेल खातं आणि फाटतंही.

ई-वे बिलाची (माल नेण्यासाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत साधारण 200 किलोमीटरला एक दिवस धरून मिळते. ते गाडी निघतानाच काढा. आदल्या दिवशी काढून ठेवलं तर शेवटच्या टप्प्यात गाडी पळवावी लागते.

टप्पा 6: डिझेल कुठे भरायचं

डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. म्हणून खवासाच्या पलीकडे मध्य प्रदेशात आणि देवरीच्या पलीकडे छत्तीसगडमध्ये भाव वेगळा असतो. जून 2017 पासून भाव रोज सकाळी 6 वाजता बदलू शकतो, त्यामुळे ‘तिकडे स्वस्त आहे’ हे मागच्या वर्षीचं ज्ञान घेऊन फिरू नका. गाडी निघायच्या दिवशीचा भाव बघा आणि वाटेवर जिथे स्वस्त तिथे जास्त भरा.

वाट सोडून मात्र जाऊ नका. दोन रुपये स्वस्त पंप 15 किलोमीटर आत आहे. 200 लिटरवर 400 रुपये वाचले. जाऊन-येऊन 30 किलोमीटरला 4.2 च्या अ‍ॅव्हरेजने 7 लिटर गेले, म्हणजे 640 रुपयांच्या आसपास. स्वस्त डिझेल 240 रुपयांनी महाग पडलं.

रोख देण्याऐवजी तेल कंपनीचं कार्ड घ्या. इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, हिंदुस्तान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस, तिन्हींत गाडीगणिक कार्ड आणि रोजची मर्यादा लावता येते. मर्यादा टाकीच्या क्षमतेपेक्षा कमी ठेवा. दहा गाड्यांना एकच कार्ड फिरवायचं असेल तर घेऊच नका.

पंपाची पंधरा दिवसांची उधारी फुकट नसते. उधारी बंद केली तर लिटरमागे किती सोडाल, हे पंपवाल्याला विचारा. उत्तर आलं की उधारीचं व्याज कळलं.

स्वतःचा पंप टाकायचा विचार असेल तर परवाना आणि सुरक्षेचा खर्च आधी काढा आणि मार्च 2022 आठवा. तेव्हा स्वतःच्या पंपासाठी घ्यावं लागणारं घाऊक डिझेल किरकोळ भावापेक्षा लिटरला सुमारे 25 रुपयांनी महाग झालं होतं. नागपुरात 2021 मध्ये एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) पंप सुरू झाला तेव्हाही बरेच जण गाडी बदलायला निघाले होते. इंधन बदलायला हरकत नाही, फक्त आधी तुमच्या मार्गावर भरायची सोय कुठे-कुठे आहे ते नकाशावर खुणा करून बघा.

टप्पा 7: आता ड्रायव्हर

तीन महिन्यांचे आकडे हातात आले, गाडी नीट झाली, पावत्या जुळल्या. आता उद्दिष्ट ठरवा: गाडीप्रमाणे, मार्गाप्रमाणे, वजनाप्रमाणे. सगळ्यांना सरसकट ‘चारचं अ‍ॅव्हरेज पाहिजे’ म्हटलं तर रिकामी गाडी चालवणारा बक्षीस नेतो आणि घाटात माल ओढणारा शिव्या खातो.

ठोक डिझेल देऊन ‘उरलं ते तुझं’ ही पद्धत मला पटत नाही. उरलेलं डिझेल विकायला ढाबा लागतो, आणि एकदा ढाब्याची ओळख झाली की उरलेलं आणि काढलेलं यात फरक राहत नाही. त्याऐवजी वाचलेल्या डिझेलचे अर्धे पैसे द्या. फेरीला 136 लिटर ठरलेत, गेले 129. वाचले 7, म्हणजे 630 रुपये, त्यातले 315 त्याच फेरीच्या हिशेबात हातात. दिवाळीला एकदम देऊ म्हटलं तर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. जास्त गेलं तर पगारातून कापू नका, गाडी टप्पा 3 वर परत पाठवा.

शिकवायचं थोडंच आहे. आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा हिरव्या पट्ट्यात ठेवा. पुढचा सिग्नल, टोलनाका लांबूनच बघून पाय उचला. उतारावर न्यूट्रल करू नका. न्यूट्रलने डिझेल वाचतं ही जुन्या उस्तादांची पक्की समजूत आहे, पण आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल जवळजवळ बंद होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. वर घाटात ब्रेक तापून निकामी होतात ते वेगळंच. हे तोंडी सांगून पटत नाही. ज्या ड्रायव्हरचं अ‍ॅव्हरेज सगळ्यात चांगलं आहे, त्याच्यासोबत दुसऱ्याला एक फेरी पाठवा. पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशनही ड्रायव्हरांना प्रशिक्षण देते, पण आमच्याकडे वर्गापेक्षा केबिनमधली फेरी जास्त उपयोगी पडली.

टाकीतला सेन्सर बसवायचाच असेल तर या टप्प्यानंतर बसवा. चढ-उतारावर टाकीतलं डिझेल हलतं आणि सेन्सर ‘20 लिटर कमी’ असा गजर करतो. खरा खप माहीत नसेल तर त्या गजरावरून रोज भांडणं होतील.

टप्पा 8: भाड्यात डिझेलचं कलम

वार्षिक करार करताना भाव वाढला तर काय, हे लिहून घ्या. सोपं सूत्र असं: डिझेलचा मूळ भाव (करार झाला त्या दिवशीचा, नागपुरातल्या ठरलेल्या कंपनीच्या पंपाचा), ठरलेलं अ‍ॅव्हरेज, आणि फेरीचे एकूण किलोमीटर. अ‍ॅव्हरेज 4 असेल तर भाव एक रुपयाने हलला की किलोमीटरमागे 25 पैसे. तीन रुपये वाढ आणि हजार किलोमीटरची फेरी, तर 750 रुपये जास्त.

दोन चुका टाळा. परतीचे रिकामे किलोमीटर सूत्रात धरायला विसरू नका. आणि कलम दोन्ही बाजूंनी लिहा, भाव उतरला तर भाडंही तेवढंच उतरेल. एकतर्फी कलमावर कोणतीही जाणती पार्टी सही करत नाही.

टप्पा 9: महिन्याचा एक तास

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक तास, चार आकडे: लिटरला किलोमीटर, लिटरला टन-किलोमीटर, रिकाम्या किलोमीटरची टक्केवारी, इंजिन चालू ठेवून उभे तास. गाडीची तुलना त्याच गाडीच्या मागच्या आकड्याशी करा, शेजारच्या गाडीशी नाही. जुलै-ऑगस्टचे आकडे मे महिन्याशी ताडून बघू नका, पावसात रस्ते आणि वेग दोन्ही बदलतात.

गाडीचं इंजिन खोललं, टायरचा पूर्ण सेट बदलला किंवा गाडी नव्या लाइनवर टाकली की तिचा जुना आकडा त्याच दिवशी काट मारून टाका आणि टप्पा 1 पासून तीन फेऱ्या नव्याने मोजा. तोपर्यंत त्या गाडीच्या ड्रायव्हरला बक्षीस किंवा बोलणी दोन्ही बंद.